आठ पाकिटं, एकच घरटं

तारकर्लीचा रोझारियो फर्नांडिस माडावर चढायला लागला की खालची माणसं हातातलं काम टाकून बघत राहायची. काथ्याचा फास पायांत अडकवला, की हा माणूस जमिनीचा उरत नसे. चाळीस वर्षं त्याने नारळ पाडले. देवबागपासून आचऱ्यापर्यंत अशी वाडी नव्हती, जिथल्या माडाच्या शेंड्यावरून त्याने समुद्र पाहिला नाही. शेंड्यावरच्या माणसाला खालच्यांना न दिसणारं पुष्कळ दिसतं. कुणाच्या परसात काय वाळत घातलंय, कुणाची होडी किनाऱ्याला लागतेय, आणि समुद्रगरूड काटक्या घेऊन कुठल्या झाडाकडे चाललाय.

पांढऱ्या पोटाचा, राखाडी पाठीचा हा मोठा शिकारी पक्षी खाडीकाठच्या जुन्या आंब्यावर नाहीतर उंच सुरूच्या झाडावर घरटं बांधतो. एकदा बांधलं की वर्षानुवर्षं त्याचीच डागडुजी करत राहतो. झाडाखाली माशांचे काटे आणि समुद्रसापांचे मणके पडलेले असतात. रोझारियोला हा पक्षी लहानपणापासून आवडायचा. कुठल्या झाडावर यंदा पिल्लू आहे, कुठलं उडालं, हे तो आपल्या घरातल्या माणसांसारखं सांगायचा. हळूहळू त्याचं, गावच्या भाषेत रुजारचं, नावच झालं. पक्षी बघायला कुणी मालवणात उतरलं, की चहावालासुद्धा सांगायचा, ‘‘रुजाराक गाठा. तेका सगळी घरटी ठावक आसत.’’

तीन वर्षांपूर्वी डॉ. नम्रता त्याला अशाच गाठायला आल्या. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्या पक्ष्यांच्या जनुकांचा अभ्यास करत. रोझारियोच्या अंगणात बसून, त्याची बायको अ‍ॅनी हिने दिलेलं कोकम सरबत पीत त्यांनी विचारलं, ‘‘काका, या किनाऱ्यावर घरटी किती असतील?’’

‘‘आठ,’’ रोझारियो म्हणाला. पुण्याच्या माणसाशी बोलताना तो जपून शाळेतली मराठी वापरायचा. ‘‘सगळी माझ्या डोळ्यांखालची.’’

बोटांवर मोजत त्याने एकेक झाड सांगितलं. सातवं सांगून झाल्यावर खरं तर त्याने थांबायला हवं होतं. आठवं झाड उभंच नव्हतं. खाडीपलीकडच्या वाडीतला तो आंबा पाच वर्षांपूर्वी पडला होता, आणि त्याच्या फांद्या रोझारियोनेच उतरवल्या होत्या.

झालं होतं असं, की पर्यटकांच्या खोल्या बांधायला ती जागा मोकळी करायची होती. आंबा एवढा उंच, की आधी वरून फांद्या छाटल्याशिवाय तो पाडताच येईना. कंत्राटदाराने रोझारियोला बोलावलं. ‘‘वरचा घरटा रिकामी आसा, कायेक नाय तेच्यात,’’ असं सांगितलं. रोझारियो कोयता घेऊन वर गेला. घरटं रिकामं नव्हतं. आत दोन अंडी होती, मळकट पांढरी. मादी वर घिरट्या घालून ओरडत होती. तो बराच वेळ फांदीला पाय अडकवून बसून राहिला. खालून हाका यायला लागल्या. ‘‘काय रे रुजार, झोपलंस की काय वर?’’ कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. खाली उतरून ‘हे मी करणार नाही’ असं म्हणायला फार काही लागलं नसतं. पण पाचसहा माणसं ताटकळत होती, कंत्राटदार ओळखीचा होता, आणि आजवर कुठल्याही झाडावरून रोझारियो काम अर्धं टाकून उतरला नव्हता. त्याने फांदी तोडली. हे त्याने अ‍ॅनीलासुद्धा सांगितलं नाही.

नम्रतांच्या पुढ्यात बोटांवर मोजताना ते झाड त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं. सात म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पण त्याला वाटलं, यादीत तरी ते उभं राहू दे.

नम्रतांनी काम समजावून सांगितलं. ‘‘पीस गळतं ना, त्याच्या देठाच्या टोकाला पक्ष्याच्या अंगाचा अगदी बारीक अंश चिकटलेला असतो. तेवढा आम्हाला पुरतो. पक्ष्याला पकडायला नको, घरट्याला हात लावायला नको. पीस नराचं की मादीचं ते कळतं. कोण कुणाचं पिल्लू, कुठली मादी बाहेरून आलीय, आपापसातच जोड्या जुळून वंश दुबळा होतोय का, हेही कळतं. नुसती घरटी मोजून फसायला होतं. एकाच जोडीची दोन घरटी असू शकतात.’’

‘‘म्हणजे आमच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीसारखं,’’ रोझारियो म्हणाला. ‘‘पोर कुणाचं, आई कुठल्या गावची, सगळं लिहिलेलं.’’

नम्रता मनापासून हसल्या. पुढच्याच आठवड्यात मालवणात वनविभागाच्या लोकांबरोबर बैठक झाली, तिथे त्यांनी हे वाक्य त्याच्या नावानिशी सांगितलं. ‘‘रोझारियोकाकांच्या आठ घरट्यांवर आमचं सगळं काम उभं आहे,’’ असंही म्हणाल्या. ही झाडं राखून ठेवण्याचा प्रस्ताव पावसाळ्यात द्यायचा ठरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेल्या रोझारियोच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण त्या टाळ्या त्याला गोडही लागल्या. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या गोडीचीच.

नम्रता पुण्याला परतल्या. जाताना त्यांनी कागदी पाकिटं, हातमोजे आणि पेन्सिल दिली. तीन महिन्यांत प्रत्येक झाडाखालची गळलेली पिसं गोळा करायची, पाकिटावर झाडाचं नाव आणि तारीख घालायची, एवढंच काम.

रोझारियो पहिल्या झाडापाशी गेला तर तिथे बुंधा होता, त्यावर कुणीतरी मासे सुकत घातले होते. दुसऱ्या झाडाच्या जागी निळ्या पत्र्याची शेड उभी होती. तिसरं झाड होतं, पण वाळून कोळ झालेलं, घरट्याची एक काडीसुद्धा वर नव्हती. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण ज्या घरट्यांबद्दल बोलत होतो ती सातआठ वर्षांपूर्वीची. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तो फक्त जवळपासचे माड करायचा. त्याचं ज्ञान जुनं झालं होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

त्याच दिवशी फोन करायला हवा होता. ‘मॅडम, माझं चुकलं, झाडं गेली,’ म्हटलं असतं तर संपलं असतं. त्याने खिशातून फोन काढलाही. पण कानात टाळ्या वाजत होत्या, आणि एका झाडाचं सांगितलं की आठव्याचंही सांगावं लागणार होतं. फोन परत खिशात गेला. उरलेली तीन झाडं बघायला तो गेलाच नाही.

घराजवळच्या देवराईत मात्र खाडीच्या कडेला एका आंब्यावर घरटं होतं. जोडी होती, त्या वर्षी पिल्लूही होतं. खाली पिसं भरपूर. रोझारियो दर दहाबारा दिवसांनी तिथे जायचा, हातमोजे घालून पिसं उचलायचा आणि पाकिटावर एकेका झाडाचं नाव घालायचा. खाडीपलीकडच्या आंब्याच्या पाकिटावर नाव लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. एप्रिलमध्ये आठही पाकिटं पुण्याला गेली.

पावसाळ्यात नम्रतांचा फोन आला. आवाजात काळजी होती. ‘‘काका, निकाल फार विचित्र आलाय. आठही पाकिटांत मिळून तीनच पक्षी निघाले. एक नर, एक मादी आणि त्यांचं पिल्लू. एकाच हंगामात तीच मादी पंचवीस किलोमीटरवरच्या घरट्यांत कशी असेल?’’

रोझारियो ओटीवर उभा होता. 

‘‘आमच्याकडेच काहीतरी घोळ झालाय,’’ त्याच म्हणाल्या. ‘‘नळ्यांची सरमिसळ झाली असणार.’’

सुटायला दार आयतं उघडलं होतं आणि रोझारियो त्यातून निसटला. ‘‘तसंच असेल,’’ तो म्हणाला.

त्या दोन शब्दांनी त्याची झोप उडवली. अ‍ॅनीला वाटलं, काही दुखणं लपवतोय. ताटातलं जेवण तसंच राहायचं. गरूड दिसला की मान वर करणारा माणूस आता आत निघून जायचा. चर्चमध्ये कुमसाराला, पाद्रींपुढे पापाची कबुली द्यायला, सगळं घर जायचं. हा मात्र काहीतरी निमित्त काढायचा.

‘‘रुजार, कुमसाराक कित्याक जायनास तू?’’ अ‍ॅनीने एकदा विचारलं.

‘‘गुडघे दुखतत,’’ तो म्हणाला.

‘‘गुडघ्यांनी बोलतंस काय थंय?’’ ती म्हणाली. तो उठून विहिरीकडे गेला.

ऑक्टोबरात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. किशोरी राऊळ, मूळची पिंगुळीची. नम्रतांच्या प्रयोगशाळेत ती दोन वर्षं काम करत होती. रोझारियोच्या पिसांच्या सगळ्या चाचण्या तिनेच केल्या होत्या. फोनवर ऐकलेल्या ‘घोळा’मागे असं बारीक चणीचं, चष्मा लावणारं, आपल्याच जिल्ह्यातलं माणूस असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

ती मालवणीतच बोलली. ‘‘अंकल, माका ती झाडां दाखवशात? नवीन पिसां होयी. जुनी सगळी संपली, तीन वेळा चाचणी केलंय मी.’’

‘‘मॅडमनी धाडल्यानी तुका?’’

‘‘नाय. मी सुट्टी घेऊन इलंय.’’ जरा थांबून ती म्हणाली, ‘‘माझ्याकडसून ता काम काढून घेतलानी. मॅडम बरी आसत, आरडाओरडा नाय केलानी. पण सगळ्यांका वाटता, माझ्याच हातान नळ्यो बदलल्यो. आता माकाच तसा वाटाक लागलाहा. रातचा उठून बघतंय, हात थरथरतत काय म्हणान.’’ तिने दोन्ही हात पुढे धरले. हात काही थरथरत नव्हते.

अ‍ॅनी दारात उभी राहून ऐकत होती. रोझारियोने चपला घातल्या.

देवराईतलं घरटं त्याने आधी दाखवलं. किशोरीने खालची दोन पिसं चिमट्याने उचलली, देठ उजेडात धरून पाहिले आणि खूश झाली. ‘‘आता दुसरां,’’ ती म्हणाली. दोघं होडीतून खाडी ओलांडून पलीकडच्या वाडीत गेली. वाटेत ती विचारत होती, घरटं किती उंचावर, जोडी जुनी की नवी. तो हं हं करत होता. पर्यटकांच्या खोल्यांच्या मागे, कुंपणाला लागून एक रुंद बुंधा होता. रोझारियो तिथे थांबला.

किशोरीने वर बघितलं, आजूबाजूला बघितलं. ‘‘खंय आसा झाड?’’

‘‘ह्याच.’’

तिला आधी कळलं नाही. तिने हातातल्या नव्या पाकिटावर लिहून आणलेलं झाडाचं नाव पाहिलं, बुंध्याकडे पाहिलं. बुंधा जुना होता, काळा पडलेला. मग तिने त्याच्याकडे पाहिलं.

‘‘झाड ह्या वर्षी नाय तुटला,’’ तो म्हणाला. ‘‘पाच-सा वर्सां झाली. तुझे हात बरे आसत, बाय. तुझी चाचणी खरी आसा. सगळी पिसां मी एकाच झाडाखालची उचललंय. घराजवळच्या. आठय पाकिटां.’’

 मग त्याने पुढचंही सांगितलं. फांदी कुणी तोडली, घरट्यात काय होतं, मादी कशी ओरडत होती. सांगताना तो बुंध्याकडेच बघत होता. साठी उलटलेला माणूस, पोरीच्या वयाच्या मुलीसमोर उन्हात उभा राहून हे बोलत होता. शेजारच्या गच्चीवर टॉवेल वाळत घालणारी बाई थांबून ऐकायला लागली, तरी त्याने आवाज खाली केला नाही. आवाज खाली करायचाही आपल्याला आता हक्क नाही, असं त्याला वाटलं.

‘‘मॅडमांका फोन लाव,’’ शेवटी तो म्हणाला. ‘‘मी सांगतंय.’’

नम्रतांनी सगळं ऐकून घेतलं.  त्या रागावतील, ओरडतील, निदान ‘काका, असं का केलंत’ म्हणतील, याची त्याने तयारी केली होती. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘किशोरी तिथे आहे? तिला फोन द्या.’’

किशोरीने फोन कानाला लावला. नम्रता काय म्हणत होत्या ते त्याला ऐकू आलं नाही, पण ती मुलगी ‘नाही मॅडम, असू दे मॅडम’ म्हणत बुंध्यावर बसली आणि रडायला लागली. एक माणूस तिची माफी मागत होतं, आणि ते माणूस रोझारियो नव्हतं. त्याला ते बघवेना. पण तोंड फिरवणंही बरं दिसेना, म्हणून तो तसाच उभा राहिला.

घरी येऊन त्याने अ‍ॅनीला सांगितलं. तिने चुलीपुढून उठून हात पुसले. ‘‘अंडी होती?’’ तिने पुन्हा विचारलं. दुसरं काही नाही, फक्त तेवढंच. ‘‘दोन,’’ तो म्हणाला. त्या दिवसापासून कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

किशोरी परत गेली नाही. न पाहिलेली तीन झाडं पाहायला तिने त्याला दुसऱ्या दिवशी बरोबर घेतलं. पहिल्यावर घरटं नव्हतं. दुसऱ्यावर, आचऱ्याच्या बाजूला, होतं, आणि जोडी बसलेली होती; किशोरीने खालची पिसं घेतली. गेल्या हंगामात इथे नुसतं यायचं होतं, खाली पडलेली पिसं उचलायची होती. तिसऱ्या ठिकाणी ती पोचली तेव्हा सुरू आडवा पडलेला होता. लाकूड अजून ओलं होतं, चिकाचा वास येत होता. वाट रुंद करायला पंधरवड्यापूर्वीच पाडला, असं तिथल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं. ‘‘गेल्या साली पिल्लू होता ओ वर. ह्या साली परत काटक्यो हाडीत होती.’’

झाडं राखण्याचा प्रस्ताव पावसाळ्यात जायचा होता. तीन पक्ष्यांच्या विचित्र निकालामुळे नम्रतांनी तो अडवून ठेवला होता. खरी पिसं गेली असती, तर हे झाड त्या यादीत असतं. किशोरी हे बोलली नाही. काटक्यांच्या ढिगाऱ्यात गुडघ्यांवर बसून ती पिसं शोधत राहिली. तिला सात मिळाली. रोझारियो तिला मदत करायला वाकला, तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘‘नको अंकल, तुम्ही हात लावू नको.’’ ती नियम म्हणून म्हणाली असेल. हातमोजे एकाच माणसाचे होते. पण तो हात मागे घेऊन उभा राहिला, आणि कोयता हातात नसतानाही त्याला आपला हात जड वाटला.

त्या सात पिसांतून पुढे जे निघालं, ते नम्रतांनी नंतर वनविभागाच्या बैठकीत सांगितलं. या वेळी रोझारियो तिथे आपणहून गेला होता. जबाब द्यायला. फांदी कुणी तोडली, कुणाच्या सांगण्यावरून, सगळं त्याने लिहून दिलं आणि सही केली. अधिकाऱ्याने ‘बसा’ म्हटलं, तरी तो दाराशी उभा राहिला.

पडलेल्या सुरूवरची मादी या किनाऱ्यावरच्या कुणाच्याच नात्यातली नव्हती. ती दुरून कुठूनतरी आलेली. तिचा नर मात्र देवराईतल्या जोडीचाच आधीचा मुलगा होता. आचऱ्याकडची जोडीही देवराईच्या जोडीच्या जवळच्या नात्यातली निघाली. म्हणजे इथल्या गरुडांत नवं रक्त आणणारी ती एकच मादी होती, आणि तिचंच झाड गेलं होतं. डोळ्यांनी बघून हे कुणालाच कळलं नसतं. सगळे गरूड सारखेच दिसतात. म्हणून नम्रतांनी यादी बदलली. घरटी असलेल्या झाडांबरोबर खाडीकाठची उंच, रिकामी झाडंही राखायला हवीत, कारण बाहेरून येणाऱ्या पक्ष्याला बसायला जागा हवी, असं त्यांनी मांडलं. एकतीस झाडांची यादी मान्य झाली. अहवालात एक ओळ होती, की पहिल्या वर्षीचे नमुने खोट्या नोंदींमुळे रद्द केले. नाव नव्हतं. रोझारियोने ते घालायला सांगितलं होतं. नम्रता म्हणाल्या, ‘‘त्याने पक्ष्यांचा काही फायदा नाही.’’

पुढच्या हिवाळ्यात खाडीच्या वरच्या अंगाला एका सुरूखाली किशोरीला एक पीस मिळालं. पुण्याहून निकाल आला, तेव्हा तिने पहिला फोन रोझारियोला केला. ‘‘अंकल, तीच मादी! चार किलोमीटर सरकली, पण आसा!’’ तो ‘बरां झाला’ म्हणाला. फोन ठेवल्यावर अ‍ॅनीने विचारलं, काय झालं. त्याने आनंदाने सांगितलं, पण तो आनंद आपला नाही असं त्याला वाटत राहिलं, दुसऱ्याच्या घरच्या जेवणाला न बोलावता बसावं तसं.

आता तो किशोरीबरोबर काम करतो. दर पंधरवड्याला झाडं फिरतो. पण काम करायची रीत बदलली आहे. प्रत्येक झाडाखाली पाकीट आणि झाड दोन्ही दिसतील असा त्याचा फोटो काढायचा, जागेच्या खुणेसकट, आणि लगेच पाठवायचा. किशोरी नसली की तो वाटेवरून जाणाऱ्या कुणाला तरी हाक मारतो, फोन हातात देतो, आणि पाकीट छातीशी धरून झाडाला पाठ लावून उभा राहतो. ओळखीची माणसं विचारतात, ‘‘काय रुजार, फोटो कसलो काढतंस?’’

‘‘मी हंय इललंय, ह्या दाखवूक,’’ तो सांगतो.

ती हसतात. त्यांना वाटतं, म्हातारा मिजास करतोय. तो त्यांना काही समजावत नाही. फोटोत त्याची मान खालीच असते. किशोरीने एकदोनदा सांगून पाहिलं, ‘‘अंकल, वर बघा, चेहरो दिसाक होयो.’’ तो क्षणभर वर बघतो, फोटो निघतो, आणि मान पुन्हा खाली जाते.